जाताना पाड्याला सांगून तरी जायचे होते

मा. संचालक, भारत कार्यालय,
आणि परदेशातल्या मुख्यालयातील वरिष्ठ मंडळी,



तुमच्या संस्थेच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या पोषण प्रकल्पात मी क्षेत्र समन्वयक होते. फेब्रुवारी 2025 अखेर प्रकल्प बंद झाला. त्यानंतर दिल्लीच्या कार्यालयाला मी सविस्तर ईमेल लिहिला, स्मरणपत्र पाठवले, मनुष्यबळ विभागाला फोन केले. पोच आली, उत्तर आले नाही. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते आहे. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल. आणि या क्षेत्रातल्या मैत्रिणींशी बोलते तेव्हा संस्था दुसरी असते, जिल्हा दुसरा असतो, तरी ऐकायला हेच मिळते.

आधीच सांगते, नोकरी गेली म्हणून हे पत्र नाही. प्रकल्पाचे पैसे कधीतरी संपतात, हे इथे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. 2025 सालाने तर जगभरच्या संस्थांना हादरवले. 20 जानेवारीला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सूत्रे हाती घेतली त्याच दिवशी अमेरिकेची परदेशी मदत थांबवणारा आदेश निघाला. मार्चमध्ये यूएसएड या अमेरिकी मदतसंस्थेचे 83 टक्के कार्यक्रम रद्द केल्याचे त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केले आणि 1 जुलैला ती संस्थाच गुंडाळली गेली. आपल्या प्रकल्पात तो पैसा होता की नाही, असला तर थेट की फिरून आलेला, हे आम्हाला कधी सांगितले गेले नाही. ‘जागतिक परिस्थिती’ एवढे दोन शब्द कानावर आले. परिस्थिती कठीण होती, मान्य आहे. पण अशा वेळी कोणाला आधी सोडायचे, कसे सोडायचे आणि मागे राहणाऱ्यांना काय सांगायचे, हे तरी तुमच्या हातात होते. माझे गाऱ्हाणे त्याबद्दल आहे.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी धडगावच्या भाड्याच्या खोलीत आम्ही सगळे एका लॅपटॉपसमोर बसलो होतो. रेंज जात-येत होती. मनुष्यबळ विभागाच्या अधिकारी इंग्रजीत एक निवेदन वाचून दाखवत होत्या आणि मी कार्यकर्त्यांना हळू आवाजात मराठीत सांगत होते. एका वाक्याचा अर्थ सांगेपर्यंत पुढची दोन निघून जात. महिनाअखेर काम थांबेल, टॅब्लेट आठवड्याच्या आत कुरियरने परत करावेत, शंका असल्यास ईमेल करावा. आमच्यापैकी कोणाला एक शब्दही विचारता आला नाही. संध्याकाळी कार्यालयाचे ईमेल खाते उघडेना. म्हणजे शंका ज्या खात्यावरून विचारायच्या, तेच बंद.

त्या टॅब्लेटमध्ये काय होते, याचा तुमच्यापैकी कोणी विचार केला होता का? त्यात मुलांच्या याद्या होत्या. मुलाचे नाव, आईचे नाव, पाडा, वजन, उंची, दंडघेर आणि पुढच्या भेटीची तारीख. तुमच्या लेखी ती प्रकल्पाची माहिती. आमच्या लेखी कोणत्या घरात मंगळवारी गेलेच पाहिजे, याची ती यादी. टॅब्लेट गेले आणि यादी गेली. आमच्यातला पावरा समाजातला एक कार्यकर्ता पहिल्यापासून स्वतःच्या समाधानासाठी शाळेच्या वहीत सगळे उतरवून ठेवायचा. ॲपवर भरल्यावर पुन्हा वहीत कशाला, असे त्याला आढावा बैठकीत सुनावण्यात आले होते. आज तालुक्यात त्या मुलांचा आमच्याकडे उरलेला माग म्हणजे ती वही आहे.

तारखेचेही बोलू. सातपुड्यात वर्षाचा हिशेब होळीवर चालतो. दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्याची कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत उतरतात. लेकरे बरोबर जातात. फडावर ना अंगणवाडी, ना वेळेवर जेवण. होळीला मात्र माणूस कुठेही असला तरी डोंगरात परततो. काठी गावची राजवाडी होळी पाहायला तर लांबून माणसे येतात. पोषणाच्या कामात हेच दिवस सर्वांत महत्त्वाचे, कारण परतलेल्या मुलांची तपासणी करायची ती याच वेळी. कोणते मूल घसरले, कोणाला लगेच दाखल करायला हवे, हे होळीच्या आठवड्यात कळते. 2025 ची होळी 13 मार्चला होती. प्रकल्प 28 फेब्रुवारीला बंद झाला. दोन आठवड्यांचा प्रश्न होता. मी तसे लेखी विचारले होते. दुचाकींचे पेट्रोल आणि दोन आठवड्यांचे मानधन एवढाच खर्च, आणि तोही जमत नसेल तर आम्ही विनामूल्य फिरतो, फक्त टॅब्लेट राहू द्या, असेही लिहिले होते. ज्याला दिल्लीत बसून सातपुड्याचे कॅलेंडर माहीत नाही, त्याला मी दोष देणार नाही. पण सांगितल्यावरही ज्याला त्याचे काही वाटले नाही, त्याला काय म्हणावे?

आमचे काम नेमके काय असायचे, तेही इथे लिहिते, कारण तुमच्या अहवालात ते एका आकड्यात मावते. मुलाचा डावा दंड मोजायचा. खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या मधोमध खूण करायची, हात सैल सोडायला लावायचा, पट्टी आवळायची नाही आणि ढिलीही ठेवायची नाही. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबाराच्या वर हिरवा, मधला पिवळा. मूल अनोळखी माणसाला पाहून आधीच घाबरलेले असते, ते हात आखडून घेते, म्हणून आईच्या मांडीवर बसवून, पट्टी आधी तिच्याच मनगटाला गुंडाळून दाखवायची. लाल आले की खरे काम सुरू होते. आई एनआरसीत, म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्रात, चौदा दिवस राहायला तयार होत नाही, आणि तिचे बरोबरच असते. घरी आणखी दोन मुले, शेळ्या, नवरा गुजरातेत. बुडीत मजुरी मिळेल म्हणून सांगितले तरी ती कधी हातात पडेल याची तिला खात्री नसते. मग तिच्या सासूशी बोलायचे, मोठ्या मुलीला कोण सांभाळेल ते ठरवायचे, शेळ्यांची सोय शेजारी लावायची, गाडी मिळवायची. कधी तिसऱ्या भेटीत हो म्हणते, कधी म्हणतच नाही. तुमच्या तक्त्यात या सगळ्याला ‘संदर्भित: 1’ अशी एक जागा होती. तक्ता लहान असणे मी समजू शकते. पण तक्त्याबाहेर काही घडते, हे मानायलाही तुम्ही तयार नव्हता.

या कामाचे बळ एकाच गोष्टीत आहे. दारात आलेल्या माणसावर त्या आईचा विश्वास हवा. तो विश्वास तुमच्या बोधचिन्हावर नव्हता. तो आमच्या चेहऱ्यांवर होता, आणि आम्ही तो तुमच्या वतीने मिळवला होता. ‘पुढच्या मंगळवारी येते’ असे आम्ही म्हणायचो आणि जायचो. मार्चमध्ये जाणे बंद झाले. तुम्ही कोणी पाड्यावर येऊन सांगितले नाही, ग्रामपंचायतीला पत्र दिले नाही, अंगणवाडी सेविकेला बोलावून बसवले नाही. प्रस्तावात मात्र ‘हस्तांतरण’ नावाचे एक अख्खे प्रकरण होते. शेवटच्या सहा महिन्यांत पर्यवेक्षिकेबरोबर संयुक्त भेटी, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे याद्या सुपूर्द करणे, ग्रामसभेत माहिती देणे. ते प्रकरण लिहिताना माझीच मदत घेतली होती. त्यातली एक ओळही पाळली गेली नाही. बाजारात आया भेटतात आणि विचारतात, ताई, तू येईनाशी का झालीस? आमच्यातले बरेच जण त्याच तालुक्यातले आहेत. तुमची बदली होते, त्यांना तिथेच राहायचे आहे. संस्था पळाली असे लोक म्हणत नाहीत, ‘तो पळाला’ असे म्हणतात.

आता नोकरीच्या अटींकडे येते. हा भाग लिहायला मला संकोच वाटत आला, कारण पैशाबद्दल बोलणे म्हणजे सेवाभाव कमी असणे, असे या क्षेत्राने आम्हाला शिकवले. मी खानदेशातली. साने गुरुजींच्या अमळनेरच्या परिसरात शाळेत असल्यापासून सेवेच्या गोष्टी ऐकत मोठी झाले. आनंदवन पाहून आले आणि समाजकार्याच्या पदवीकडे वळले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी केले, आणि ते 1999 मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात जगापुढे आले, हे वर्गात शिकताना अंगावर काटा आला होता. त्या मातीतून आम्ही तुमच्याकडे आलो. तुम्हाला आमचा हा सेवाभाव आयता मिळाला, आणि पगार ठरवताना तुम्ही तो आमच्या हिश्शातून वजा केला.

आम्हाला कधी कर्मचारी म्हणून नेमलेच नाही. दर वर्षी ‘सल्लागार’ म्हणून अकरा महिन्यांचा करार व्हायचा. मुदत संपली की मध्ये खंड, मग नवा करार. सल्लागार म्हणून मानधनातून दहा टक्के कर कापला जाई, आणि तो परत मिळवायला विवरणपत्र भरायचे हे पाड्यावरच्या कार्यकर्त्यांना कोणी सांगितले नव्हते. भविष्य निर्वाह निधी नाही. प्रकल्पात पाच वर्षांहून जास्त काम केलेल्यांनाही ग्रॅच्युइटी नाही, कारण कागदावर सलग नोकरीच नाही. बाळंतपणाची रजा नाही. देशाच्या कायद्याने 2017 पासून पगारी रजा 26 आठवड्यांची केली आहे. आमच्यातली एक कार्यकर्ती, जी गावोगाव गरोदर बायांना विश्रांतीचे महत्त्व समजावत फिरत होती, ती स्वतः नवव्या महिन्यापर्यंत दुचाकीवर मागे बसून डोंगर चढत होती. बाळ झाल्यावर तिचा करार पुढे झाला नाही. माता आणि बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थेत हे घडले, हे मला आजही पचत नाही.

मी विचारले तेव्हा उत्तर मिळे, परदेशी देणगीच्या कायद्यामुळे हात बांधलेले आहेत. त्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, 2020 साली मोठे बदल झाले, हे खरे. परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देण्यास बंदी आली, त्यामुळे आम्ही ज्या स्थानिक संस्थेत होतो तिचे पैसे थांबले आणि आम्ही थेट तुमच्या करारावर आलो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, हेही खरे. पण त्याच कायद्याच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की कल्याणकारी संस्थेच्या उद्दिष्टासाठी थेट होणारा खर्च, जसे रुग्णालयातल्या डॉक्टरांचे किंवा शाळेतल्या शिक्षकांचे पगार, प्रशासकीय खर्चात धरायचा नाही. पाड्यावर मुलांचे दंड मोजणारी बाई कोणते प्रशासन चालवते? तिचा भविष्य निर्वाह निधी भरायला कायदा आडवा येत नव्हता. तुमच्या वित्त विभागाला हे माझ्यापेक्षा चांगले माहीत असणार.

दुसरीकडे अंगणवाडी सेविकांकडे पाहा. त्यांनाही सरकार कर्मचारी मानत नाही, मानधन देते. आपल्या संस्थेने त्यांच्या सन्मानाबद्दल मोठमोठ्या परिषदा घेतल्या. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या दाहोदच्या प्रकरणात निकाल दिला की सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. त्या निकालाचे स्वागत करणारा मजकूर तुमच्या कार्यालयातून निघाला, तो मराठीत मी केला. सेविकांसाठी तुम्ही जे योग्य मानले, ते त्यांच्या शेजारी बसून काम करणाऱ्या स्वतःच्या माणसांसाठी का मानले नाही?

चांदसैली घाटातला प्रसंग तुमच्या नोंदीत असेल. पावसाळ्यात तिथे दरड येते, रस्ता चिखलाने भरतो. आमच्या एका कार्यकर्त्याची दुचाकी तिथे घसरली आणि पाय दोन ठिकाणी मोडला. त्या दिवशी घाटातून जाऊ नये असे आम्हा सगळ्यांचे मत होते. पण महिनाअखेर होती आणि भेटींचे लक्ष्य पूर्ण झाले नसल्याचे सकाळीच कळवण्यात आले होते. शस्त्रक्रिया नाशिकला झाली. विमा फक्त कर्मचाऱ्यांना, सल्लागारांना नाही, असे उत्तर आले. आम्ही वर्गणी काढली. त्यात आमच्या चालकदादांनी दिलेली रक्कम माझ्यापेक्षा जास्त होती. कार्यालयाकडून लवकर बरे व्हा असा ईमेल आला, इंग्रजीत. त्याच महिन्यात वरिष्ठांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी गोव्यात निवासी शिबिर झाले, त्याची छायाचित्रे आम्हाला अंतर्गत बातमीपत्रात दिसली. तुम्हालाही थकवा येतो, हे मी नाकारत नाही. पण मोडलेल्या पायाला पैसे नाहीत आणि शिबिराला आहेत, हे पाहिल्यावर त्या कार्यकर्त्याच्या घरातली माणसे काय समजली असतील?

प्रवासखर्चाचेही तेच. किलोमीटरमागचा दर एकदा ठरला तो ठरला. 2021 मध्ये महाराष्ट्रात पेट्रोल शंभरीपार गेले, दर हलला नाही. फरक कार्यकर्त्यांनी खिशातून भरला. आपल्या गावच्या मुलांसाठी त्यांनी तो भरलाही असता, कोणी एका शब्दाने दखल घेतली असती तर.

आणि देणगीदारांच्या भेटी. सुरतेच्या विमानतळावरून पाहुणे यायचे. आठवडाभर आधी पाड्याची निवड व्हायची, तीही रस्त्याच्या जवळचा पाडा बघून. बायांनी चांदीचे दागिने घालून यावे, असा निरोप यायचा. पाहुणे चांगले होते, मनापासून विचारायचे, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. एका भेटीत बऱ्या झालेल्या मुलाचा आणि त्याच्या आईचा फोटो निघाला. संमतीपत्र इंग्रजीत होते, तिने अंगठा लावला. तो फोटो पुढे वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आला. ती मला दर भेटीत विचारायची, तो फोटो कधी देणार? मी वरती दोनदा लिहिले. शेवटी नंदुरबारच्या स्टुडिओत छापून मीच नेऊन दिला. तिने तो घरातल्या मधल्या खांबाला खिळ्याने लावला आहे. अहवालात त्या मुलासाठी घराच्या आठ चकरा मारणाऱ्या कार्यकर्त्याचे नाव कुठेही नाही. आभाराच्या पानावर सल्लागार कंपनीचे आहे, मांडणी करणाऱ्याचे आहे.

तुम्ही म्हणाल, हे एका प्रकल्पाचे रडगाणे आहे. तसे असते तर मी गप्प बसले असते. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवी हक्कांसाठी 1977 साली शांततेचे नोबेल मिळालेली संस्था. तिथे तीस वर्षांहून जास्त काळ पश्चिम आफ्रिकेवर काम केलेले संशोधक गाएतां मूटू यांनी मे 2018 मध्ये पॅरिसच्या कार्यालयात आयुष्य संपवले. कामाचा ताण आणि आधार न मिळणे यांबद्दल त्यांनी चिठ्ठी मागे ठेवली होती. त्यानंतर बाहेरच्या संस्थेकडून चौकशी झाली. 2019 च्या सुरुवातीला आलेल्या त्या अहवालाने कामाचे वातावरण विषारी असल्याचे स्पष्ट म्हटले, आणि वरिष्ठांना राजीनाम्याची तयारी दाखवावी लागली. 2020 मध्ये सीमेविना काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेतल्या, म्हणजे एमएसएफच्या, सुमारे हजार आजी-माजी सहकाऱ्यांनी आपल्याच संस्थेतल्या वंशभेदाविरुद्ध निवेदनावर सह्या केल्या. तिथले दहापैकी नऊ लोक त्या-त्या देशातले स्थानिक, आणि निर्णयाच्या खुर्च्यांवर मात्र बहुतेक युरोपातले. 2016 मध्ये इस्तंबूलच्या जागतिक परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी ठरवले होते की 2020 पर्यंत मदतीतला किमान 25 टक्के वाटा शक्य तितका थेट स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांपर्यंत पोहोचवायचा. मुदत संपली तेव्हा थेट पोहोचणारा वाटा एक अंकीच होता. आम्ही एकटे नाही, हे मला यातून कळले. त्याने बरे वाटले नाही, उलट जास्त वाईट वाटले.

ॲम्नेस्टी आणि एमएसएफ या दोन संस्थांबद्दल एक गोष्ट मानायला हवी. ॲम्नेस्टीने चौकशी करून निष्कर्ष जगासमोर ठेवले, आणि दोघींनीही आपले चुकले हे मान्य केले. तुम्ही आमची साधी निर्गमन मुलाखतसुद्धा घेतली नाही. आमच्यातल्या एकाने प्रकल्प बंद झाल्याबद्दल व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहिल्या, तर त्याला करारातले गोपनीयतेचे कलम पाठवण्यात आले. हैतीत ऑक्सफॅमच्या माणसांनी केलेल्या लैंगिक गैरवर्तनाचे प्रकरण 2018 मध्ये बाहेर आल्यावर सगळ्या संस्थांनी संरक्षणाची धोरणे कडक केली, ते योग्यच झाले. आपल्याकडेही ऑनलाइन प्रशिक्षण आले, इंग्रजीत. दहावी झालेल्या आदिवासी मुलींनी प्रश्न न समजता खुणा केल्या, कारण प्रमाणपत्र नसेल तर मानधन अडते. त्या मुलींना पाड्यावर रात्री मुक्काम करावा लागला तर कुठे राहायचे, तक्रार असेल तर मराठीत कोणाशी बोलायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही.

पहिल्या भेटीत तुम्ही म्हणाला होतात, मला सर म्हणू नका, नावाने हाक मारा, आपल्याकडे वरचा-खालचा कोणी नाही. आम्हाला नावाने हाक मारणे जमले नाही, पण ते बोलणे मनाला भिडले होते. सरकारी कार्यालयात उभे राहून बोलायची सवय असलेल्या आमच्या कार्यकर्त्याला तुम्ही खुर्ची ओढून दिली होती. तो आजही ते सांगतो. म्हणूनच हे सगळे जास्त लागते. ज्यांच्याकडून काही अपेक्षाच नसते, त्यांना कोणी पत्रे लिहीत नाही.

मला जे मागायचे आहे ते लपवून ठेवत नाही. ज्यांनी पाच वर्षांपेक्षा जास्त काम केले, त्यांना कराराचे खंड न मोजता ग्रॅच्युइटीइतकी रक्कम द्या. घाटात पाय मोडलेल्या आमच्या सहकाऱ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च द्या; तो अजून कर्ज फेडतो आहे. प्रत्येकाला अनुभवाचा दाखला द्या, त्यावर ‘सल्लागार’ नको, जे काम केले त्याचे नाव हवे, कारण दुसरीकडे नोकरी मागताना ते लागते. मुलांच्या याद्या एकात्मिक बालविकास विभागाच्या धडगाव कार्यालयाकडे सोपवा. त्या तुमच्या नाहीत, त्या मुलांच्या आहेत. नंदुरबारसारखा जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत 2018 पासून आहे, सरकारी यंत्रणा तिथे काम करते आहे, तिला त्या याद्यांचा उपयोग होईल. आणि तुमच्या पुढच्या अहवालात पाड्यांवर फिरलेल्यांची नावे छापा.

शेवटची मागणी पैशाची नाही. तुमच्यापैकी एकाने तरी धडगावला यावे आणि ज्या पाड्यांवर आपण काम केले तिथे जाऊन, काम थांबवण्याचा निर्णय आमचा होता, या पोरांचा नव्हता, एवढे लोकांसमोर सांगावे. दुभाषा म्हणून मी येईन, त्याचे काही घेणार नाही. दिवाळी झाली की माणसे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि पाडे ओस पडतात. त्याआधी या, सगळे घरी भेटतील.

आपली,
माजी क्षेत्र समन्वयक, धडगाव